गिटार खाली ठेवल्यावर

मराठीत गोंगाटासाठी शब्दांची चणचण नाही. पाखरांचा कलकलाट, भांड्यांचा खणखणाट, बैलगाडीचा खडखडाट, बाजारातला गलका, सभागृहातला गदारोळ. आवाज कोण करतो आहे हे बहुधा शब्दातच आलेले असते. विजेच्या यंत्रांनी मात्र आपल्याला असे आवाज दिले की ज्यांच्यामागे कुणीच नसते. दोन स्टेशनांच्या मधली रेडिओची खरखर, मांडवातल्या माइकची कानात घुसणारी शिट्टी, ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण. हे सगळे बिघाडाचे आवाज. ते सुरू झाले की कुणीतरी उठतो, बटण पिळतो, वायर हलवून बघतो. पंक संगीताच्या एका लहानशा, फारशा न खपलेल्या प्रवाहाने नेमका हा बिघाडाचा आवाज उचलला आणि गिटारच्या जागी आणून बसवला. त्या प्रवाहाविषयी हा लेख आहे.

या संगीताबद्दल लिहिताना एक अडचण सुरुवातीलाच उभी राहते. जे कर्कश व्हावे म्हणूनच केलेले आहे, त्याचे बरेवाईट कसे ठरवायचे? सूर लागला नाही असे म्हणता येत नाही, लावायचाच नव्हता. ताल सुटला असेही म्हणता येत नाही. ताल यंत्राचा आहे, तो सुटत नाही. त्यामुळे यावरचे बरेचसे लेखन दोन टोकांना जाते. एक पक्ष म्हणतो, हे संगीतच नव्हे. दुसरा म्हणतो, जितके असह्य तितके क्रांतिकारक. दोन्ही भूमिका मला आळशी वाटतात. गोंगाटातही सकस आणि टाकाऊ असा भेद असतो, तो कानाला कळतोही. शब्दांत पकडणे तेवढे कठीण जाते.

आधी गिटारचे पाहू. 1976-77 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रमोन्स आणि लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स, क्लॅश या मंडळींनी रॉक संगीतातला डामडौल झटकून टाकला. तीन कॉर्ड आल्या की बँड काढायला हरकत नाही, असा तो जमाना. पण त्या तीन कॉर्ड वाजवायच्या कशावर, हा प्रश्न कुणी विचारला नाही. गिटार गृहीतच होती. जुन्या रॉकचे राजेपण ज्या वाद्यावर उभे होते, त्याच वाद्यावर राजेपणाविरुद्धचे बंडही उभे राहिले, यातली गंमत त्या वेळी फार थोड्यांना जाणवली.

गिटार कर्कश होते तेव्हा काय घडते? अ‍ॅम्प्लिफायरला झेपणार नाही इतका जोर त्यात ओतला की ध्वनिलहरीचे माथे कापले जातात आणि मूळ स्वराला नवनव्या उपस्वरांची झालर लागते. आवाज फाटतो, पण फाटक्या आवाजाच्या तळाशी कॉर्ड शाबूत असते. दुसरे असे, की छेडलेली तार क्षणाक्षणाला विरत जाते. नाद जिवंत ठेवायचा तर पुन्हा हात मारावा लागतो, आणि तो हात आपल्याला दिसतो. वादक घामाघूम होतो, मनगट आपटतो, आणि समोरचा प्रेक्षक त्या हातात राग वाचतो. कितीही भयंकर गाणे असो, हा माणूस आपल्यासाठी राबतो आहे, हा दिलासा प्रेक्षकाला असतो.

इलेक्ट्रॉनिक ऑर्गनची पट्टी दाबून धरली तर सूर विरत नाही. बोट उचलेपर्यंत पहिल्या क्षणी होता तसाच राहतो. सिंथेसायझरचे बटण जरासे फिरवले तर खोली हादरते. हाताचे कष्ट आणि कानावरचा आघात यांचे प्रमाणच तुटते. गिटार काढून घेतली की पंकमधून नुसते एक वाद्य जात नाही. रागाचा डोळ्यांना दिसणारा देह जातो. मग गायकाच्या आवाजाला कुणाचा आधार उरतो, हा खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत उघडपणे उभा केला न्यूयॉर्कच्या 'सुइसाइड' या जोडीने. अ‍ॅलन वेगा आणि मार्टिन रेव्ह. वेगा ब्रुकलिनचा, मूळचा शिल्पकार. भंगार, दिवे आणि वायरी यांच्यापासून शिल्पे करणारा. 1969 साली इगी पॉप आणि स्टूजेस यांचा कार्यक्रम पाहून तो संगीताकडे वळला. रेव्ह जॅझमधून आलेला. 1970 साली त्यांनी काम सुरू केले, आणि त्या सुरुवातीच्या काळातच त्यांच्या जाहिरातीच्या कागदावर 'पंक' हा शब्द होता. म्हणजे ज्या लाटेत पुढे त्यांना बसवले गेले ती यायला अजून पाचसहा वर्षे होती. आरंभी त्यांच्याबरोबर एक गिटारवादकही होता. तो गेला, आणि त्याच्या जागी दुसरा आणला गेला नाही. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. गिटार सोडण्याचा जाहीरनामा कुणी काढला नव्हता. एक जागा रिकामी झाली आणि ती रिकामी ठेवल्यावर काय ऐकू येते याकडे या दोघांचे लक्ष गेले.

रेव्हपाशी होते काय? एक फारफिसा ऑर्गन, आवाज फाडणारी-बिघडवणारी काही उपकरणे, आणि सीबर्ग कंपनीचे 'रिदम प्रिन्स' नावाचे ठेका देणारे यंत्र. ज्यूकबॉक्ससाठी प्रसिद्ध असलेल्या या कंपनीचे हे यंत्र घरगुती ऑर्गनवाल्यांसाठी होते. बटण दाबले की तयार ठेका सुरू, दिवाणखान्यात एकट्याने वाजवणाऱ्याची सोय. आपल्याकडे रियाजाला बसलेल्या एकट्या माणसाला इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि तबला साथ देतात, त्याच जातीचे हे. एकटेपणावर उतारा म्हणून बनवलेले यंत्र या जोडीने एकटेपणाच ऐकवण्यासाठी वापरले.

त्यांचा पहिला अल्बम 1977 च्या अखेरीस रेड स्टार या छोट्या कंपनीने काढला. सात गाणी, जेमतेम बत्तीस मिनिटे. निर्मात्यांपैकी एक क्रेग लिऑन. याच लिऑनने आदल्या वर्षी रमोन्सचा पहिला अल्बम केला होता. एका बाजूला गिटारने ठासून भरलेली तबकडी, दुसऱ्या बाजूला गिटारचा मागमूस नसलेली, आणि दोन्हींमागे एकच कान. दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर अपेक्षेच्या उलट गोष्ट ध्यानात येते. रमोन्सचा आवाज कितीतरी जास्त भरगच्च आहे. सुइसाइडचा आवाज बारीक, कोता, जवळजवळ दरिद्री. ज्याला गोंगाट म्हणून हिणवले गेले तो वस्तुतः फार थोड्या आवाजांचा खेळ आहे. दोनतीन स्वरांची एक ओळ, ती फिरून फिरून येते. मागे यंत्राची टकटक. आणि वर वेगाचा आवाज, प्रतिध्वनीत बुडालेला, कधी कुजबुजणारा, कधी एल्व्हिस प्रेस्लीसारखा अडखळून उसासणारा. माणसाचा श्वास या तबकडीत जितका स्पष्ट ऐकू येतो तितका त्या काळच्या गिटारवाल्या पंकमध्ये क्वचितच येतो.

अल्बममधले 'फ्रँकी टिअरड्रॉप' हे दहा मिनिटांहून मोठे गाणे या साऱ्या प्रवाहाचा कस पाहण्याची जागा आहे. विशीतला फ्रँकी कारखान्यात राबतो. बायको आहे, लहान मूल आहे. पगार पुरत नाही, डोक्यावरचे छप्परही जाण्याची वेळ येते. एके दिवशी तो मुलाला मारतो, बायकोला मारतो, स्वतःला मारतो. कथा वर्तमानपत्रातल्या आतल्या पानावरच्या बातमीएवढी. 1975 साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या तोंडाशी पोहोचले होते, ती पार्श्वभूमी ताजी होती. पण हे गाणे निषेधाचे गाणे नाही. त्यात मालकाला शिव्या नाहीत, कामगारांना हाक नाही. त्यात आहे तो फक्त ठेका. फ्रँकी कामावर जातो तेव्हाही तोच, बंदूक उचलतो तेव्हाही तोच, आणि सगळे संपल्यावरही तोच. माणूस असलेला कुठलाही ढोलकीवाला, ड्रमवाला त्या क्षणी एक तर हात आखडता घेईल किंवा जोरात मारील. त्याला राहवणार नाही. यंत्राला राहवते. वेगाच्या किंकाळ्या अंगावर काटा आणतात खऱ्या, पण त्यांतली भीषणता त्या किंकाळ्यांना काहीही उत्तर न देणाऱ्या टकटकीत आहे.

तेव्हा गोंगाटाची परीक्षा करायला मला एक साधा प्रश्न उपयोगी पडतो: या गाण्यात गोंगाट सोसतो आहे कोण? 'फ्रँकी टिअरड्रॉप'मध्ये तो फ्रँकी सोसतो. यंत्राचा आवाज गायकाच्या मुठीतले हत्यार नाही. गायकही त्याच्याखाली आहे. शेवटी वेगा आपणा सर्वांनाच फ्रँकीच्या पंक्तीला बसवतो, आणि ते नाटकी वाटत नाही, कारण गेली दहा मिनिटे श्रोताही त्याच टकटकीखाली बसलेला असतो.

प्रेक्षकांनी हे कसे घेतले, याचा पुरावा ध्वनिमुद्रित आहे. 16 जून 1978 रोजी ब्रुसेल्समध्ये एल्व्हिस कॉस्टेलोच्या कार्यक्रमाआधी सुइसाइडला मंचावर सोडले गेले. कॅसेटवर टिपलेले ते ध्वनिमुद्रण '23 मिनिट्स ओव्हर ब्रुसेल्स' या नावाने ओळखले जाते. पहिल्या एकदोन गाण्यांनंतर हुर्यो सुरू होते, ती वाढत जाते, मध्येच वेगाच्या हातचा माइक पळवला जातो. शेवटाकडे 'फ्रँकी' सुरू असताना वेगा प्रेक्षकांना शिवी देऊन गप्प बसायला सांगतो. ही गोष्ट फ्रँकीची आहे, असे ओरडून बजावतो. त्याच उन्हाळ्यात क्लॅशबरोबरच्या दौऱ्यात ग्लासगोला आपल्या दिशेने कुऱ्हाड भिरकावली गेली, असे वेगा पुढे अनेकदा सांगत असे. लक्षात घ्यायचे ते हे, की त्या दौऱ्यातले प्रेक्षक पंकचेच होते. बंडाला सरावलेले, थुंकण्या-ढकलण्याला सरावलेले. त्यांना राग नको होता असे नाही. त्यांना तो गिटारमधून आलेला हवा होता. मंचावर ड्रम नाहीत, गिटार नाही, एकजण काळा चष्मा लावून ऑर्गनमागे जवळजवळ निश्चल उभा आणि दुसरा अंगावर येतो आहे, हे त्यांना फसवणुकीसारखे वाटले. गिटारने दिलेला दिलासा काय होता हे तो गेल्यावर कळले, आणि कळल्याबद्दल शिक्षा या दोघांना मिळाली.

अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसमध्ये, 'स्क्रीमर्स' हा बँड याच सुमारास गिटारवाचून उभा राहिला. गायक टोमाटा डू प्लेंटी, सिंथेसायझरवर टॉमी गिअर, ड्रमवर के. के. बॅरेट, आणि आधी डेव्हिड ब्राऊन व नंतर पॉल रोसलर हे इलेक्ट्रिक पियानोवर. इथे ठेका यंत्राचा नव्हता, माणसाचा होता. ऱ्होड्सचा पियानोही खरे तर अर्धा मानवी. त्यात हातोडी धातूच्या काडीवर आपटते आणि नाद विरतो. त्यांनी तो फाडून, खरवडून असा वाजवला की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती गिटारच वाटावी. म्हणून सुइसाइडच्या तुलनेत स्क्रीमर्स जुन्या जगाच्या जास्त जवळ आहेत. पण 1978 च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये टार्गेट व्हिडिओने केलेले त्यांचे चित्रण पाहिले की निराळीच गोष्ट दिसते. गिटारवादक नसल्यामुळे गायकाला टेकायला कुणी नाही. टोमाटाचे डोळे विस्फारलेले, मान ताठ, हातवारे विजेचा झटका बसल्यासारखे. जो अभिनय दोघातिघांत वाटला गेला असता तो सगळा एका देहावर येऊन पडला आहे.

या बँडने हयातीत एकही तबकडी काढली नाही. आपले काम व्हिडिओवर यावे, अशी त्यांची महत्त्वाकांक्षा होती. ती काळाच्या चारपाच वर्षे पुढे होती, आणि 1981 मध्ये बँडच मोडला. मग वर्षानुवर्षे चोरून काढलेल्या प्रतींवर त्यांची कीर्ती टिकली. 1977 सालची प्राथमिक ध्वनिमुद्रणे रीतसर अल्बम म्हणून यायला 2021 उजाडले. आख्यायिका म्हणून हे छान आहे. मला मात्र ही हेळसांडच वाटते. इतके चांगले काम ऐकू येण्याची सोय न करणे यात बाणेदारपणा काही नाही.

आता दुसरी बाजू. गोंगाटाची तरफदारी करताना तो आपोआप दुबळ्यांच्या बाजूचा असतो असे समजायची चूक वारंवार होते. लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकाराने 1913 साली 'गोंगाटाची कला' हा आपला जाहीरनामा एका संगीतकार मित्राला लिहिलेल्या पत्राच्या रूपात मांडला आणि गोंगाट करणाऱ्या पेट्याही बनवल्या. या सगळ्या परंपरेचा तो मूळपुरुष. पण ज्या भविष्यवादी कंपूतला तो होता, त्या कंपूला युद्धाचे गोडवे गाण्याचा नाद होता. तोफांचा आवाज त्यांना सुंदर वाटे. तो सोसणार कोण, हा प्रश्न तिथे नव्हता.

लंडनच्या 'थ्रॉबिंग ग्रिसल'ने 1976 च्या ऑक्टोबरात आयसीए या कलासंस्थेत भरवलेल्या प्रदर्शनावरून एवढा गहजब झाला की एका हुजूर पक्षाच्या खासदाराने त्यांना संस्कृतीचे विध्वंसक ठरवले. त्यांच्याकडे गिटार होती, कोझी फॅनी टुटी ती वाजवत असे, पण शिकल्याविना आणि शिकायचे नाकारून. त्यामुळे इथे त्यांचा उल्लेख पुरे. त्यांच्यामागोमाग 1980 साली विल्यम बेनेटने 'व्हाइटहाउस' काढला. बेनेट आधी 'इसेन्शिअल लॉजिक' या पंकोत्तर बँडमध्ये गिटार वाजवायचा. म्हणजे गिटार खाली ठेवणे इथे अक्षरशः घडले. उरले काय? सिंथेसायझरच्या सर्वांत वरच्या सुरातली कानठळी, खालची घरघर, आणि हुकूम सोडल्यासारखे ओरडणे. 1981 मधल्या एका अल्बमला त्यांनी बुखेनवाल्ड या नाझी छळछावणीचे नाव दिले, दुसरा पेटर क्युर्टन या खुन्याला अर्पण केला. समर्थक सांगतात की हा हिंसेचा आरसा आहे. माझा प्रश्न तोच: इथे गोंगाट सोसतो कोण? ध्वनिमुद्रणात तो सोसणारे कुणीही नाही. बळीचा आवाज नाही, श्वास नाही. गोंगाट सर्वस्वी ओरडणाऱ्याच्या ताब्यात आहे आणि सोसायचा तो श्रोत्याने. छावणीचे नाव घेऊन पहारेकऱ्याच्या जागी उभे राहणे याला मी धाडस म्हणणार नाही. तांत्रिकदृष्ट्या सुइसाइड आणि व्हाइटहाउस यांची सामग्री फार निराळी नाही, हे मुद्दाम सांगतो. दोघांनीही गिटारचा दिलासा काढून घेतला. एकाने त्या मोकळ्या जागेत माणूस उभा केला, दुसऱ्याने लाउडस्पीकर.

लाउडस्पीकर म्हणजे काय, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला सांगायला नको. मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर लावणाऱ्यांना रात्री दहाची मर्यादा आहे, 2000 सालच्या नियमांनी घातलेली. आजारी म्हातारे माणूस असलेल्या घराच्या खिडकीशी तो ठोका येतो तेव्हा त्यात कला किती आणि सत्ता किती, हे घरातले लोक बरोबर ओळखतात. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्या कानाने ऐकल्याशिवाय गोंगाटाची समीक्षा पुरी होत नाही.

बर्लिनच्या 'अटारी टीनएज रायट'चा निवाडा मला इतका सोपा वाटत नाही. एकीकरणानंतरच्या जर्मनीत नवनाझी डोके वर काढत असताना, 1992 मध्ये, अलेक एम्पायर, हानिन इलियास आणि कार्ल क्रॅक यांनी तो काढला. अटारीच्या घरगुती संगणकावर जुळवलेले पिसाट ठेके आणि तिघांच्या घोषणा. त्यांची बाजू निःसंशय न्यायाची. परंतु त्यांच्या बऱ्याच गाण्यांत गिटार मागच्या दाराने परत येते: दुसऱ्यांच्या तबकड्यांवरून कापून घेतलेले गिटारचे तुकडे, नमुने म्हणून पुन्हा पुन्हा वाजणारे. हात गेला, पण हाताची छायाचित्रे राहिली. घोषणाही लवकरच घोषणांसारख्या वाटू लागतात. त्यांचे मला सर्वांत पटलेले काम म्हणजे 1999 मधले लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीतले ध्वनिमुद्रण. तोवर निक एंडोही त्यांच्यात आलेली. त्या रात्री 'नाइन इंच नेल्स'च्या आधी वाजवताना त्यांनी गाणी जवळजवळ टाकूनच दिली आणि सव्वीस-सत्तावीस मिनिटे सलग गोंगाट केला. घोषणा नाही, ठेक्याची मौज नाही. लढून लढून शिणलेल्या माणसांचा आवाज त्यात आहे, आणि शीण हा काही ताकद मिरवण्याचा प्रकार नव्हे. बाजू योग्य असणे आणि गाणे चांगले असणे यांत जे अंतर असते, ते या बँडने घोषणा थांबवल्या त्या रात्री कापले.

सुइसाइडला ऐकणारे उशिरा भेटले. त्यांतला एक अगदी अनपेक्षित, गिटारशिवाय ज्याचे चित्र डोळ्यांपुढे येत नाही असा ब्रूस स्प्रिंगस्टीन. 1982 च्या 'नेब्रास्का' या घरी कॅसेटवर ध्वनिमुद्रित केलेल्या त्याच्या अल्बममध्ये 'स्टेट ट्रूपर' नावाचे गाणे आहे. एकच गिटार, एकसुरी, बदलायचे नाकारणारी, आणि शेवटाकडे अचानक फुटलेली किंकाळी. फ्रँकी तिथे लपलेला नाही. गिटारने यंत्रासारखे वागून पाहिलेले ते गाणे आहे.

पुढे 2005 च्या दौऱ्यात, एकट्याने करायच्या कार्यक्रमांच्या शेवटी, स्प्रिंगस्टीन सुइसाइडचेच 'ड्रीम बेबी ड्रीम' गाऊ लागला. त्यासाठी तो गिटार बाजूला ठेवी आणि पायाने भाता मारायच्या ऑर्गनपाशी बसे. आपल्या संगीत नाटकाच्या पिटात असायची ती पायपेटी. दोन स्वर, तेच ते, भाता चालू आहे तोवर न विरणारे. वर एक घोगरा आवाज तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो आहे. वेगा त्या वेळी हयात होता. 2016 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो गेला. ब्रुसेल्समध्ये ज्यांना हुर्यो करून उतरवले होते त्यांचे हे गाणे, आणि सभागृहातले लोक ते संपेपर्यंत जागचे हलत नसत.